डाव्या बाजूचं पाणी : मासळी वाहणाऱ्या एका पिकअपचं प्रकरण

गाडी सप्टेंबर २०१८ची. बीएस-४, अडीच लिटरचं चार सिलिंडर डिझेल इंजिन, शिडीसारखी चॅसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा), मागे पाटे (भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग), पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक, वजन वाहायची मर्यादा १.७ टन. काम ठरलेलं : रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासळी भरायची आणि हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं. एका बाजूने सुमारे १३० किलोमीटर. परतीला रिकामे क्रेट आणि बहुतेक वेळा पशुखाद्याची तीसेक पोती, प्रत्येकी ५० किलोची. आठवड्याला चार-पाच फेऱ्या. जून २०२४च्या पहिल्या आठवड्यात, यांत्रिकी बोटींची मासेमारी बंद होताच, गाडी गॅरेजात आली. मीटरवर २,६१,००० किलोमीटर होते.

तक्रार ड्रायव्हरच्या शब्दांत अशी : ब्रेक लागतो, पण गाडी धरत नाही. तेही फक्त परतीला, घाट उतरताना. ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते. सरळ रस्त्यावर स्टीअरिंग थोडं डावीकडे धरून ठेवावं लागतं. ॲक्सिलरेटर सोडताना आणि पुन्हा दाबताना मागून ‘कट्’ असा आवाज येतो. इंजिनबद्दल तक्रार शून्य. धूर नाही, दोन सर्व्हिसच्या मधे ऑइल अर्धा लिटरही कमी होत नाही, सकाळी पहिल्या स्टार्टला सुरू.

मालकाचा प्रश्न वेगळाच होता. सप्टेंबरात पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) आहे, त्याआधी खर्च करायचा की गाडी काढून टाकायची? मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांचं मिळतं, त्यानंतर दर वर्षी करावं लागतं. म्हणजे आत्ता पास झाली तर सप्टेंबर २०२६पर्यंत निवांतपणा. इंजिन इतकं चांगलं असताना गाडी विकायची वेळ का यावी, हा या प्रकरणातला खरा मुद्दा आहे.

आधी काय काय बदललं गेलं होतं

मागच्या दीड वर्षात पुढचे ब्रेक पॅड चार वेळा, दोन्ही डिस्क एकदा, डावा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) नवा, अलाइनमेंट तीन वेळा, पुढचे दोन टायर. एकही काम फुकट लावलेलं नव्हतं. पॅड खरंच संपले होते, डिस्क खरंच निळ्या पडल्या होत्या, टायर खरंच एका कडेने झिजले होते. गाडी उजवीकडे ओढते म्हणजे डावा ब्रेक कमी लागतो, हा अंदाजही नेहमीच्या हिशोबाने बरोबर, म्हणून डावा कॅलिपर बदलला गेला. चूक एवढीच की प्रत्येक वेळी पुढचीच चाकं खोलली. मागच्या ड्रमची लायनिंग (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारा थर) या काळात एकदाही बदलावी लागली नव्हती, आणि ही गोष्ट सगळ्यांना चांगली वाटली होती. दीड टन माल घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीत पुढचे पॅड दर चार-पाच महिन्यांनी संपतात आणि मागची लायनिंग झिजतच नाही, तर मागचे ब्रेक कामच करत नाहीत. तपासणी इथून सुरू व्हायला हवी होती.

ओळंबा आणि खडूच्या खुणा

गाडी उचलण्याआधी ती मोजली. सपाट फरशी, चारही टायरमध्ये ठरलेली हवा, हौदा रिकामा, पुढची चाकं सरळ. पुढच्या चाकाच्या हबच्या मध्यावरून ओळंबा सोडून फरशीवर खडूची खूण केली, मागच्या चाकालाही तसंच. मग टेपने दोन खुणांमधलं अंतर घेतलं, आधी उजव्या बाजूचं, मग डाव्या. डाव्या बाजूचं अंतर १४ मिलिमीटर जास्त भरलं. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे मोजण्यातच होतात, चौदा होत नाहीत. दहा मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही यंत्राची गरज नाही. मागचा एक्सलच (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) तिरका बसला असेल तर पुढच्या चाकांचं अलाइनमेंट कितीदाही करा, स्टीअरिंग सरळ राहणार नाही.

पाटे आणि एक्सल एकमेकांना दोन गोष्टींनी धरून असतात. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसतं, त्याने जागा ठरते. पण ताकद घेतात ते यू बोल्ट. ते पाट्यांची चळत एक्सलवर इतकी आवळून धरतात की ब्रेकचा आणि इंजिनचा जोर घर्षणानेच पेलला जातो. यू बोल्ट सैल झाले की हा सगळा जोर त्या एका सेंटर बोल्टवर येतो. तो त्यासाठी केलेलाच नाही.

या गाडीत डाव्या बाजूच्या यू बोल्टचे नट साध्या पान्याने, जोर न लावता, पाऊण फेरा फिरले. पाटे उतरवल्यावर सेंटर बोल्टचं डोकं सुटं हातात आलं. तुटलेल्या तोंडाचा निम्म्याहून जास्त भाग तपकिरी, गुळगुळीत. उरलेला खरबरीत आणि चकचकीत. तपकिरी भाग म्हणजे कित्येक महिने हळूहळू चाललेली चीर, चकचकीत भाग म्हणजे शेवटचा दणका. बोल्ट एका दिवसात तुटलेला नव्हता.

यू बोल्ट सैल का झाले? पाट्यांच्या मधे आणि खालच्या प्लेटच्या बैठकीत गंजाचे पापुद्रे धरले होते. हे पापुद्रे आधी फुगतात, मग दाबाखाली भुगा होऊन गळून पडतात. चळत दोन मिलिमीटरने जरी बारीक झाली तरी यू बोल्टचा ताण संपतो. वरून नटाचे आटे गंजलेले असले की टॉर्क पाना आकडा दाखवतो, पण तो आकडा आट्यांच्या कुरकुरीचा असतो, आवळण्याचा नसतो. ‘मागच्या महिन्यातच यू बोल्ट टाइट केले’ असं मालक सांगत होता आणि ते खोटं नव्हतं.

आता तक्रारी जुळतात. ब्रेक मारला की रस्ता चाकाला मागे ढकलतो. डाव्या बाजूने एक्सल आणखी थोडा मागे सरकतो, मागची दोन्ही चाकं किंचित डावीकडे तोंड करतात, गाडीचा मागचा भाग डावीकडे जातो आणि नाक उजवीकडे. आपल्याकडे उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीच्या अंगावर. ॲक्सिलरेटर दाबला की तोच एक्सल पुढे येतो, तो ‘कट्’ आवाज त्याचा.

लोड व्हॉल्व्ह

पण ब्रेक ‘धरत नाही’ याचं उत्तर यात नव्हतं. ते मिळालं एक्सलच्या वर, चॅसिसला डाव्या बाजूला लावलेल्या एलएसपीव्हीत, म्हणजे भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये. गॅरेजात याला लोड व्हॉल्व्ह म्हणतात आणि बहुतेक वेळा कुणी त्याच्याकडे बघत नाही. काम साधं आहे. हौद्यात माल भरला की पाटे दबतात, चॅसिस एक्सलच्या जवळ येते. एक्सलला जोडलेली दांडी या व्हॉल्व्हचा आर्म ढकलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असेल तर दाब कमी, म्हणजे हलकी झालेली मागची चाकं लॉक होऊन घसरत नाहीत.

या गाडीत आर्मची पिन गंजून जाम झाली होती, तीही रिकाम्या गाडीच्या जागी. दीड टन पोती असली तरी व्हॉल्व्हच्या दृष्टीने हौदा रिकामाच. घाटात सगळा भार पुढच्या डिस्कवर. पॅड तापले की त्यांची पकड कमी होते, आणि त्यातच ब्रेक ऑइल जुनं असेल तर ते उकळून नळीत वाफ होते. डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, ओल शोषून घेतलेलं १४० अंशांनाच. डॉट ४चे आकडे २३० आणि १५५ आहेत. या गाडीतलं ऑइल चहासारखं झालं होतं. चढताना ब्रेकला काम नाही, म्हणून जाताना तक्रार नाही; उतरताना भरलेली गाडी, म्हणून तक्रार फक्त परतीची.

तपासायची रीत : गाडी सपाटीवर उभी करून आर्म हाताने वरखाली करून बघा. मोकळा फिरून आपोआप जागेवर आला पाहिजे. मग हौद्यात माल भरा आणि दांडीने आर्म खरोखर हलवला का ते खाली वाकून बघा. गेज असेल तर पुढच्या आणि मागच्या लाइनचा दाब रिकाम्या व भरलेल्या गाडीत घेऊन मॅन्युअलच्या आकड्यांशी ताडा.

जाम झालेला व्हॉल्व्ह काढून लाइन ‘डायरेक्ट’ करून देणारे फिटर आहेत. असं केल्यावर भरलेली गाडी चांगली थांबते, मालक खूश होतो, आणि पहिल्या पावसात रिकामी गाडी वळणावर मागून फिरते. हे काम कुणी सुचवलं तर गाडी तिथून बाहेर काढावी. इथे नवा व्हॉल्व्ह टाकला, दांडीची लांबी मॅन्युअलप्रमाणे लावली आणि पाटे दुरुस्त झाल्यावर ती पुन्हा तपासली. पाटे बदलले की गाडीची उंची बदलते आणि जुनी सेटिंग चुकते, हे विसरलं जातं.

हातोडी लावल्यावर

इथवर येईपर्यंत एक गोष्ट डोळ्यांत भरत होती. सैल यू बोल्ट डावे, तुटलेला सेंटर बोल्ट डावा, जाम व्हॉल्व्ह डावीकडचा. मग अर्ध्या पौंडाची हातोडी घेऊन चॅसिस पुढून मागे वाजवत नेली. केबिनखाली दोन्ही बाजूंना ‘टण्ण’. उजव्या साइड मेंबरवर (चॅसिसच्या लांब बाजूच्या तुळईवर) तोच आवाज शेवटपर्यंत, अधूनमधून मूळ काळा रंगही शाबूत. डाव्या साइड मेंबरवर मागच्या चाकाच्या वर आवाज ‘थप्प’ झाला आणि नखाएवढ्या जाडीचे पापुद्रे अंगावर पडले. सगळ्यात मागच्या क्रॉस मेंबरला (दोन साइड मेंबर जोडणाऱ्या आडव्या तुळईला) डाव्या टोकाशी करंगळी जाईल एवढं भोक. मागच्या ब्रेकची लोखंडी नळी चॅसिसला धरणाऱ्या क्लिपा उघडल्या, तर क्लिपेखालची नळी कुजलेल्या काडीसारखी, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडली की पूड निघत होती. फुटली नव्हती, पण बाहेरून पावणेपाच मिलिमीटरची ही नळी जोरात ब्रेक मारल्यावर शंभर बारच्या आसपास दाब सोसते. ती घाटात फुटली असती.

डावीच बाजू का? हौद्याचा पत्रा धुऊन त्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि पाणी कुठून पडतं ते खाली बसून पाहिलं. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणजे गाडी दिवसभर किंचित डावीकडे कललेली. उभी राहते तीही डाव्या कडेला, साइडपट्टीवर, आणखी कललेली. हौद्यातलं पाणी डाव्या कडेला जमतं, पत्र्याच्या सांध्यातून आणि हौदा बसवताना ठेवलेल्या लाकडी पट्टीवरून झिरपत साइड मेंबरवर येतं. तिथून पाटे, व्हॉल्व्ह, नळी, क्रॉस मेंबर. आणि हे पाणी बर्फाचं असलं तरी गोडं नसतं.

त्याचा हिशोब करून बघावा. एका फेरीत वितळून खाली गळणारं पाणी ८० लिटर धरू. त्यात मासळीबरोबर आलेलं समुद्राचं पाणी चौथा हिस्सा, म्हणजे २० लिटर. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार. झाले ७०० ग्रॅम, एका फेरीला. हंगामात १९० फेऱ्या धरल्या तर वर्षाला सव्वाशे किलोच्या वर. यातलं बहुतेक रस्त्यावर पडतं. त्यावरून दुचाक्या घसरतात ते वेगळंच, आणि तो जीव घेणारा प्रकार आहे. पण जे थोडं चॅसिसवर राहतं ते मासळीच्या चिकट बुळबुळीत पाण्यात आणि खवल्यांत अडकून बसतं.

आणि वाळत नाही. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण स्वतःच ओला होतो, समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याच्याही आधी दमट होतं. रत्नागिरीच्या हवेत वर्षातले किती दिवस याखाली जातात ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. वरून कोरडी दिसणारी चॅसिस पापुद्र्याखाली बाराही महिने ओली असते.

याच कारणाने जगातल्या चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या पिकअपही हरल्या आहेत. टोयोटाची टॅकोमा अमेरिकेत टिकाऊपणासाठी नावाजलेली. पण तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. २००८ साली टोयोटाने १९९५ ते २००० या मॉडेलांच्या चॅसिसची हमी वाढवली आणि ज्या फार सडल्या होत्या त्या गाड्या बाजारभावाच्या दीडपटीने परत घेतल्या. पुढच्या पिढीच्या टॅकोमा आणि तिच्याबरोबर टुंड्रा, सेक्वोया मिळून सुमारे १५ लाख गाड्यांबाबत २०१६मध्ये अमेरिकेतल्या खटल्यात तडजोड झाली, तिचा अंदाजित खर्च ३.४ अब्ज डॉलरपर्यंत होता. तिथेही इंजिनं ठणठणीत होती. कोकणातल्या मासळीच्या गाडीला तर मीठ रस्त्यावरून उडून येत नाही, डोक्यावरून गळतं, आणि हिवाळ्यापुरतं नव्हे तर दहा महिने.

ठेवायची की काढायची

जाडी मोजायच्या मीटरने साइड मेंबर मोजला. केबिनखाली, शाबूत जागी, ४ मिलिमीटर. डाव्या बाजूला खरवडून साफ केलेल्या सगळ्यात वाईट जागी ३.२. एक चतुर्थांशापेक्षा जास्त जाडी गेली असती, किंवा साइड मेंबरला आरपार भोक असतं, तर गाडी माल वाहण्याच्या कामातून काढा असंच सांगितलं असतं. भोक फक्त मागच्या क्रॉस मेंबरला होतं आणि तो बदलता येतो. म्हणून ठेवायचं ठरलं.

हौदा उतरवल्याशिवाय हे काम होत नाही. खालून ब्रश मारून काळा रंग दिला की पासिंगला गाडी छान दिसते, पण लाकडी पट्टीखालची जागा, जिथे खरा गंज असतो, तशीच राहते. बॅटरी सोडली, मागच्या दिव्यांची वायर आणि डिझेल भरायची नळी मोकळी केली, हौद्याचे बोल्ट कापले (एकही पान्याने सुटला नाही) आणि चेन ब्लॉकने हौदा वर घेतला.

साइड मेंबरला वेल्डिंग केलंच नाही. साइड मेंबरच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्टीवर सर्वाधिक ताण असतो. तिथे आडवा टाका मारला की त्याच्या कडेलाच पुढे चीर जाते. मागच्या क्रॉस मेंबरचे रिव्हेट ड्रिलने काढून नवा क्रॉस मेंबर ८.८ ग्रेडच्या बोल्टांनी आणि नायलॉक (सहज सैल न होणाऱ्या) नटांनी बसवला. चॅसिस नंबर कोरलेल्या भागाला घासकाम किंवा रंग लावला नाही. पासिंगला तो स्वच्छ वाचता आला पाहिजे.

मग गंज. आधी पापुद्रे हातोडी आणि छिन्नीने पाडले, नंतर ग्राइंडरला वायर कप लावून उघड्या धातूपर्यंत किंवा घट्ट चिकटलेल्या गंजापर्यंत घासलं. मग गोड्या पाण्याने तीन वेळा धुतलं. मीठ राहिलं तर त्यावर लावलेला कोणताही रंग सहा महिन्यांत फोडासारखा वर येतो. धुऊन रात्रभर ठेवलेल्या पत्र्यावर सकाळी नारिंगी ठिपके उठले तर पुन्हा धुवावं, इथे असं आणखी दोनदा धुवावं लागलं. जूनमध्ये वाळवणं ही मोठीच अडचण. शेडमध्ये दोन हॅलोजन आणि एक मोठा पंखा लावून दोन दिवस ठेवलं. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना रंग मारू नये, म्हणून भर दुपारी, पाऊस थांबलेला असताना काम केलं.

घट्ट गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर, ते वाळल्यावर वरची भुकटी पुसून दोन भागांचं इपॉक्सी प्रायमर, दोन हात. झिंकचं प्रायमर चांगलं, पण ते पूर्ण उघड्या धातूवरच काम करतं, गंजाचा अंश असेल तिथे इपॉक्सीच घ्यावं. वर दोन हात पीयू (पॉलियुरेथेन) रंग. साइड मेंबरचा पेटीसारखा बंद भाग आतून रंगवता येत नाही, तिथे लांब नळीच्या फवाऱ्याने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारलं, भोकांतून थेंब बाहेर येईपर्यंत.

डांबरी अंडरकोट मारला नाही. नव्या, स्वच्छ पत्र्यावर तो चालतो. जुन्या गंजावर मारला की वरून गुळगुळीत, खाली पाणी अडकलेलं, आणि हातोडीशिवाय काही कळत नाही. बंदरावर बरेच जण जळकं इंजिन ऑइल मारतात. त्याने लोखंड थोडं वाचतं हे खरं, पण पाट्यांचे आणि शॉकअपचे रबरी बुश फुगून सडतात, ड्रमवर उडालं तर ब्रेक जातो, आणि ते ऑइल शेवटी खाडीत आणि विहिरीत उतरतं. मासळीवर जगणाऱ्या गावात हे करू नये.

पाट्यांची पूर्ण चळत सोडवून साफ केली, डाव्या बाजूचे दोन चिरलेले पाटे बदलले. सेंटर बोल्ट दोन्ही बाजूंना नवे, चारही यू बोल्ट नटांसह नवे. जुना यू बोल्ट एकदा ताणला गेलेला असतो, तो पुन्हा वापरू नये. गाडीचं वजन चाकांवर असताना, समोरासमोरच्या कोपऱ्यांतून, तीन टप्प्यांत आवळले. भरलेल्या पहिल्या १०० किलोमीटरनंतर पुन्हा, मग १,००० नंतर. पहिल्या फेरआवळणीला नट खरोखर थोडे फिरले. ती टाळली असती तर पुन्हा हेच झालं असतं.

ब्रेकची मागची सगळी नळी तांबे-निकेलची टाकली. ती गंजत नाही आणि वाकवायला सोपी. टोकं दुहेरी फ्लेअरची (तोंड दुहेरी दुमडून रुंद केलेली) हवीत, एकेरी फ्लेअर दाबाखाली चिरते. डॉट ४ ऑइल, आणि दर दोन वर्षांनी बदली. हँडब्रेकची डावी केबल जाम होती, तीही बदलली.

मागच्या हाउसिंगमधलं दुधी ऑइल

हे शोधायला कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या एक्सलच्या हाउसिंगचा (गिअर ज्यात बसतात त्या पेटीचा) फिलर प्लग उघडल्यावर आतलं गिअर ऑइल दुधाळ चहाच्या रंगाचं निघालं. म्हणजे पाणी. सील गळत नव्हते. हाउसिंगच्या वर एक छोटा ब्रीदर (हवा जायची-यायची वाट) असतो, तो मातीने आणि मिठाने बंद झाला होता. गाडी घाट उतरून आली की हाउसिंग तापलेलं असतं. तेव्हाच पाइप लावून धुतली की आतली हवा एकदम आकसते. ब्रीदर मोकळा असेल तर हवा तिथून आत जाते, बंद असेल तर सीलच्या ओठांतून बाहेरचं पाणी ओढलं जातं. बेअरिंग आणि आतले गिअर (क्राउन-पिनियन) वाचले हे नशीब. प्लगच्या चुंबकावर फक्त बारीक काळा चिखल होता, तुकडे नव्हते. ऑइल भरून ५०० किलोमीटरनंतर पुन्हा बदललं. ब्रीदरला आता रबरी नळी जोडून तिचं तोंड उंच, हौद्याच्या तळाजवळ नेऊन खाली वळवलं आहे.

विजेचं काम थोडक्यात. मागच्या दिव्यांच्या सॉकेटमध्ये हिरवा भुगा, आणि इंजिनची अर्थ पट्टी आतून काळी. स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या निगेटिव्ह आणि इंजिनच्या अंगावर मल्टिमीटर लावला, तर ०.७ व्होल्ट. तिथे ०.३च्या आत हवा. पट्टी बदलली.

पाणी वळवणं

दुरुस्ती कितीही चांगली झाली तरी पाणी त्याच जागी पडत राहिलं असतं तर तीन वर्षांत पुन्हा इथेच. हौद्याच्या तळाला ॲल्युमिनियमचा चेकर्ड पत्रा लावायचा मालकाचा विचार होता. दिसतो छान, पण खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना लागले की कमजोर धातू खाल्ला जातो, आणि पत्र्याखाली पाणी अडकतं ते अडकतंच. त्याऐवजी फायबरचं अखंड अस्तर, कडांना चार बोटं वर वळवलेलं, मागच्या दोन्ही कोपऱ्यांकडे थोडा उतार देऊन. कोपऱ्यांत दोन नळ्या, त्या चॅसिसला न लागता मागे लटकवलेल्या ८० लिटरच्या प्लास्टिक टाकीत. टाकी कोल्हापुरात गटाराच्या योग्य जागी रिकामी होते, घाटात एक थेंब नाही. भरल्या टाकीचं ८० किलो वजन मालात धरायचं. ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा दंड आहे. पण दंडापेक्षा महत्त्वाचं हे की बर्फ, पाणी आणि क्रेट यांचं वजनही पाटेच पेलतात, आणि वजन करताना हे तिन्ही विसरले जातात. लाकडी पट्टीच्या जागी जाड रबर बसवलं.

ड्रायव्हरला दिलेलं रोजचं काम एवढंच : परतल्यावर अर्धा तास गाडी थंड होऊ द्यायची, मग गोड्या पाण्याने खालून धुवायची. प्रेशर पंपाने नव्हे, साध्या पाइपने, जास्त पाण्याने आणि कमी जोराने. सुरुवात डाव्या मागच्या चाकाच्या आतून. पाटे, व्हॉल्व्ह, क्रॉस मेंबर, मग उजवी बाजू. वीस मिनिटं. बंदरावरच्या खाऱ्या पाण्याने अजिबात नाही.

मासेमारीबंदीचे दोन महिने, १ जून ते ३१ जुलै, गाडीच्या कामाला उत्तम वेळ आहेत. पण नुसती उभी ठेवली तर तेच सगळ्यात वाईट दोन महिने. हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी ऑगस्टमध्ये हलतच नाही, लायनिंग ड्रमला चिकटते. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. म्हणून बंदीत हँडब्रेक सोडून, चाकांना ओंडके लावून, पहिल्या गिअरमध्ये, सिमेंटच्या फरशीवर, छपराखाली उभी करायची. माती किंवा गवतावर नको. डिझेल टाकी भरलेली, आत ओल धरायला जागा राहू नये म्हणून. आठवड्यातून एकदा पाच-सात किलोमीटर चालवून यायची, दोन-तीनदा सावकाश ब्रेक मारत. जागेवर इंजिन सुरू ठेवण्याने बॅटरीशिवाय कशाचाच फायदा होत नाही.

सगळं काम अकरा दिवस चाललं. सप्टेंबरात गाडी पास झाली.

पुढच्या बंदीत, जून २०२५मध्ये, ती पुन्हा खड्ड्यावर घेतली. खडूच्या खुणांत फरक दीड मिलिमीटर. मागची लायनिंग दिसण्याइतकी झिजली होती आणि पुढचे पॅड अजून गेल्या जूनमधलेच, निम्मे शिल्लक. लोड व्हॉल्व्हचा आर्म मोकळा. हाउसिंगचं ऑइल स्वच्छ. डाव्या साइड मेंबरवर हातोडीचा आवाज टणक, मात्र पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटच्या मागे, जिथे पाइपचं पाणी पोचत नाही, तिथे रुपयाएवढा फोड उठला होता. तो खरवडून पुन्हा इपॉक्सी दिलं. स्टेपनीच्या कॅरिअरची साखळी मात्र गेल्या वर्षी नजरेतून सुटली होती. तिची दोन कडी निम्मी राहिली होती. साखळी बदलली, आणि धुण्याच्या यादीत स्टेपनीची जागा क्रॉस मेंबरच्या लगेच खाली लिहिली.